कान दुमडलेला बॉक्स

आमच्या गोदामातून बिस्किटं जातात, साबण जातात, चहा जातो. किस्से मात्र जात नाहीत. त्यांना दुकानदार मागत नाही आणि त्यांच्यावर एक्सपायरी छापलेली नसते, म्हणून ते साचतात. परभणीच्या ह्या गोदामाची चावी वीस वर्षं माझ्याकडं आहे, तेव्हा सगळा साठाही माझ्याकडंच. बसा, थोडा मोकळा करतो.

* * *

एकदा कंपनीचे साहेब पुण्याहून आले आणि आम्हाला धंद्याचे शब्द शिकवून गेले. भिंतीला यादीच चिकटवली. पहिला शब्द फिफो. म्हणजे जो माल आधी आला, तो आधी बाहेर काढायचा.

आमचे हमाल नामदेवमामा मान डोलवत ऐकत होते. मामा पोखर्णीकडचे. पन्नाशीपर्यंत मेंढरं राखली, मग गुडघे गेले, मेंढरं विकली आणि गोदामात आले. अक्षर एक वाचता येत नाही, पण सांगितलेलं विसरत नाहीत.

पुढच्याच आठवड्यात मामांच्या भाच्याचं लग्न होतं. पंगतीचं काम मामांकडं. पहिली पंगत बसली, मागं दोनशे माणूस ताटकळत उभं. मामा सरळ पहिल्या पानावर गेले. तिथं नवरीचे चुलते. हातात जिलेबी.

"उठा, पावणं."

"आत्ताच वाढलंय की ओ!"

"तुमीच आधी आलाव न्हवं? मग तुमीच आधी बाहेर. कंपनीचा नेम हाय."

चुलते उठले. जिलेबी घेऊन उठले. ते अजून मामांशी बोलत नाहीत, आणि आपलं चुकलं कुठं हे मामांना अजून कळलेलं नाही.

* * *

दुसरा शब्द पीओडी. माल पोचल्याचा पुरावा, म्हणजे दुकानदाराची सही. सही नाही तर माल पोचलाच नाही, विषय संपला!

पाथरी लाईनचा टेम्पो सलीमभाईंचा. त्यांनी हे सगळं घरी जाऊन बायकोला कौतुकानं सांगितलं. सांगायला नको होतं.

भाभींचं माहेर पाथरीचं. दर उन्हाळ्यात त्या आईसाठी लोणचं सलीमभाईंबरोबर पाठवायच्या. ह्या वेळी दोन बरण्यांबरोबर एक कोरा कागद दिला. "अम्मीची सही घेऊनच घरात पाय ठेवा."

सलीमभाईंनी सही आणली. सासूबाईंनी सहीच्या खाली शेराही मारला होता. 'बरणी एक मिळाली. झाकण सैल. आत बोट फिरलेलं दिसतं.'

"दुसरी कुठाय?" भाभींनी विचारलं.

सलीमभाईंनी यादीतला तिसरा शब्द वापरून बघितला. "ट्रान्झिट लॉस. रस्त्यात एवढं तेवढं होतंच."

पुढचे चार दिवस त्यांचा डबा आला नाही. आम्ही आमच्यातलं वाढायचो. लोणचं सोडून.

* * *

डॅमेजचा नियम असा, की थप्पीवरून पडलेला माल डॅमेजच्या कोपऱ्यात ठेवायचा आणि तपासणी होईपर्यंत हलवायचा नाही. एके दुपारी आमचे शेठ शिडीवरून घसरले. मामांनी त्यांना उचललं आणि अलगद त्या कोपऱ्यात, फुटक्या शाम्पूंच्या शेजारी नेऊन बसवलं.

शेठ उठायला लागले तसे मामा म्हणाले, "बसा. डाक्टर बघूस्तोवर हलायचं न्हाई."

डॉक्टर येईपर्यंत शेठ तिथंच बसून होते. मालकच, पण नियम म्हणजे नियम.

* * *

मग ते साहेब परत आले. ह्या वेळी स्कॅनर घेऊन. आले ते गाडी दाराला भिडवून, माझ्याकडून चावी घेऊन एकटेच आत गेले, सकाळभर प्रत्येक बॉक्स स्वतः स्कॅन केला आणि बाहेर आले ते तापूनच.

"बॉक्सना रंग कुणी फासलाय?"

"म्या," मामा म्हणाले. "मेंढरांना लावतेत तसा. दर खेपेला येगळा. गेरूचा माल आधी आला, निळा मागून. म्हंजे गेरूचा आधी धाडायचा."

मामांच्या हाताखालून एकदाही जुना माल मागं राहिला नव्हता. मी तसं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं नाही. म्हणाले, "ज्याला स्कॅनर वाचता येत नाही, तो सोमवारपासून गोदामात नको."

मामा मटकन पोत्यावर बसले. "मेंढरं तर इकली," मला म्हणाले. "आता ह्या गुडघ्यानं कुठं जाऊ ओ?" मला फार वाईट वाटलं.

साहेब निघताना शेवटचं दाखवायला म्हणून स्कॅनर वर धरून म्हणाले, "चहाचे बॉक्स दोनशे चौदा. सगळे हजर. तुम्हाला मोजायला किती वेळ लागला असता?"

मामा उठले. दारातूनच चहाच्या थप्पीकडं एकदा बघितलं.

"मोजायचं कामून? कोण न्हाई ते दिसतंय की. एक न्हाई. डाव्या अंगाचा, कान दुमडलेला."

"मशीन खोटं बोलतं का?"

"मशीनचं मला म्हाईत न्हाई, सायेब. कान दुमडलेला न्हाई, एवढं खरं."

तेवढ्यात सलीमभाईंनी साहेबांची बॅग ठेवायला म्हणून त्यांच्या गाडीची डिकी उघडली.

आत चहाचा बॉक्स. निळा पट्टा. झाकणाचा एक कान दुमडलेला.

साहेब म्हणाले, "सॅम्पल आहे."

"व्हय की," मामा म्हणाले. त्यांनी बॉक्स बाहेर काढला नाही. आत जाऊन गेरूचा डबा आणला आणि बॉक्सच्या चारही अंगांनी सावकाश जाड पट्टे ओढले.

"न्या सायेब. आता कुठं बी गेला तरी वळखू येतंय, ह्यो परभणीचा."

साहेबांनी स्कॅनर बॅगेत घातला, बॅग बॉक्सशेजारी ठेवली आणि डिकी लावली. सोमवारी गोदाम उघडायला गेलो, तर मामा गेरूचा डबा घेऊन माझ्या आधी दारात उभे होते.