इरकलीचा किमोनो

माझ्या लेकीला मी एकदा जपानी रीतीने मृत घोषित केलं होतं. (अजाणतेपणी!)

इथे कॅनडात, सस्काटूनच्या शाळेत प्रत्येक मुलाला एकेक देश सादर करायचा होता. आठ वर्षांच्या ईराला जपान मिळाला.

"इंडिया का नाही घेतलास?"

"मम्मी, आय ऑलरेडी नो इंडिया!" (हिला सोलापूर आणि कोल्हापूर एकच वाटतं!)

पांढऱ्या अभ्र्यावर मी ओल्या कुंकवाचा मोठा गोल काढला. "झाला जपानचा झेंडा! केवढी टिकली बघ!"

"मम्मी! दॅट्स द सन!"

सूर्य वाळायला बाहेर ठेवला, तर थंडीने त्याचा पापड झाला. आत आणल्यावर तो वितळून थेट कार्पेटवर मावळला!

मग किमोनो. कपाटात आईची इरकल होती. इथे आल्यापासून मी ती धुतलेली नाही. घडी उघडली की डांबरगोळ्या, चंदनाचा साबण आणि आई, असा वास येतो. हिवाळा फारच लांबला की मी त्यात नाक खुपसून बसते. कात्री लावायचा प्रश्नच नव्हता. ईराभोवती ती गुंडाळली, पिना टोचल्या आणि शेजारच्या जपानी केइकोकाकूंना दाखवायला नेली.

काकू आधी हसल्या. मग गळ्यापाशी वाकून बघू लागल्या.

"उजवी बाजू वर?" त्या हळूच इंग्रजीत म्हणाल्या. "तशी आम्ही फक्त मेलेल्या माणसाला घालतो."

"ॲम आय डेड?" ईरा उडालीच. "कूल!"

काकूंनी सगळ्या पिना काढल्या, डावी बाजू वर घेतली. मानेमागून बोट फिरवून गळा सारखा केला आणि तिथेच थांबल्या. "माझी आई अस्संच करायची. ओसाकाला." मग कापड नाकाशी नेलं. "हा वास कुणाचा?"

"माझ्या आईचा."

आम्ही दोघी ईराकडे बघत राहिलो. बघत होतो मात्र कुठेतरी फार लांब.

"कॅन आय ब्रीद नाऊ?" ईरा ओरडली.

शाळेत फुजी पर्वत, साकुराची फुलं आणि लाल सूर्य (हा कागदाचा!) झकास पार पडले. रविवारी काकू आल्या. "आता मला साडी नेसव."

मी ऐटीत बाह्या सरसावल्या. थोड्याच वेळात काकू गाठोड्यासारख्या दिसू लागल्या! शेवटी सोलापूरला व्हिडिओ कॉल लावला. आई सकाळचा चहा घेत होती.

"निऱ्या कुणी घातल्या गं?"

"मी."

"वाटलंच! फोन त्यांच्याकडे दे. मी त्यांना शिकवते, त्या तुला शिकवतील."

"अगं, त्यांना मराठी येत नाही!"

"तुला येतं ना? त्याचा काय उपयोग झाला?"