देवचार नोकरीला लागतो

सरदेसायांचा कोट चाच्यांच्या भीतीने बांधला, की पहिले सरदेसाई स्वतःच चाचे होते म्हणून, यावर देवबागेत अजून दोन तट आहेत. पोर्तुगीज आले, त्यांनी तोफ डागली. एक माड मेला. इंग्रजांनी मिठाचं कोठार केलं. मग कूळकायद्यात जमिनी गेल्या, आणि तोफेने न पडलेला कोट कागदावर पडला. साठ-एकसष्टला तो मुंबईच्या शेटने घेतला आणि हॉटेल काढलं. पागेत बार झाला, सदरेवर मडमा पाय पसरून बसू लागल्या.

या उलथापालथीत टिकून होता तो बाबली घाडी. दर पावसाळ्याआधी कोटाच्या राखणदार देवचाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, हा त्याच्या घराण्याचा मान. हॉटेलच्या उद्घाटनाला शेटने पुण्याहून भटजी आणले आणि बाबलीचं टाळकं सरकलं.

"सरदेसायान कोट इकलो, देवचार नाय इकलो!" म्हणत चौघांना घेऊन तो आत घुसला. बुरुजाखाली उभा राहून गरजला, "बा देवा म्हाराजा! ह्ये जे कोण तांबडे पावणे तुज्या उरार येऊन झोपले, तेंका एक रात धड झोप लागा देऊ नको!"

"व्हय म्हाराजा!" चौघे ओरडले.

पाहुण्यांना काडीचं कळलं नाही. त्यांनी टाळ्या पिटल्या. मॅनेजर हुशार, त्याने बाबलीला हाकलायचं सोडून जरीचा फेटा दिला. "रोज संध्याकाळी, चहाच्या वेळी. जमेल ना, महाराज?"

वर्षाचा मान रोज मिळतोय म्हटल्यावर बाबली फुगला.

"अवो, देवचार काय तुमचो गडी?" बायको हौसाबाई म्हणाली. "रोज हाक मारल्यार खंय येतलो तो?"

"गप गो! तुका काय कळता मानातला?"

दोनेक वर्षांनी गावात गुरं मरू लागली. गाव गाऱ्हाण्यासाठी देवळासमोर जमला. बाबलीने नारळ उचलला, तर गावचे पहिले मानकरी, गावकार हरिश्चंद्रांनी तो काढून बाबलीच्याच चुलतभावाच्या, शिवाच्या, हातात दिला.

"बाबल्या, तुजो देवचार आता हाटेलात कामाक आसा. गावचा काम तेका झेपाचा नाय."

गाव खदखदून हसला. ते चौघेसुद्धा.

संध्याकाळी बाबली बोडक्यानेच बुरुजाखाली गेला. आवाज चढेना. "बा देवा म्हाराजा, चुकला-माकला आसात तर पदरात घे. माजो मान गेलो. एकदाच, गावासमोर, माजा आयक."

व्हय म्हणायला कुणी नव्हतं. गाल भिजले.

मॅनेजर धावत आला. "अप्रतिम, महाराज! रडणं तर फारच छान. पण मडमेच्या कॅमेऱ्यातली फिल्म संपली होती, आता नवी घातलीय. फेटा बांधा आणि पुन्हा एकदा होऊ द्या."

बाबलीने फेटा बांधला.