लाल नोझल आणि बाबांची बोट

माझ्या दुकानात येणारं जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक पहिलाच प्रश्न चुकीचा विचारतं. "सगळ्यात जास्त प्रेशरचं मशीन कुठलं?" बोईसरला, एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुलाई करणाऱ्या मशीनचं आमचं दुकान आहे. विक्री, दुरुस्ती आणि भाड्याने देणं, तिन्ही चालतं. कारखान्याचा सुपरवायझर येतो तो म्हणतो, "मॅडम, सबसे तगड़ा वाला दिखाओ." चिकूच्या वाडीचे मालक येतात, त्यांनाही तगडंच हवं असतं. माझा नवरा अशा वेळी निमूटपणे सगळ्यात मोठ्या मशीनवरची धूळ पुसायला लागतो. मी मात्र विचारते, "धुवायचं काय आहे?"

लोकांना हा प्रश्न आवडत नाही. पण स्कूटर धुवायला शंभर बार (बार म्हणजे दाबाचं माप) जोराचं घरगुती मशीन पुरतं, त्यापेक्षा जास्त लावलंत तर बेअरिंगमध्ये पाणी जाईल आणि शिव्या मला मिळतील. गोठा किंवा मासळीचे क्रेट धुवायचे तर जोर कमी चालतो, पाणी भरपूर लागतं. तिथे बार बघायचे नाहीत, मिनिटाला किती लिटर पाणी येतं ते बघायचं. हॉटेलच्या चिमणीला बसलेलं तेल थंड पाण्याने सात जन्मांत निघणार नाही, तिथे गरम पाण्याचं मशीन पाहिजे. आणि कारखान्याच्या टाकीत आतून बसलेला केमिकलचा थर काढायचा असेल तरच ते दोनशे बारचं, थ्री फेजवर चालणारं धूड. त्यातही पुढे नोझल, म्हणजे धारेचं तोंड, कुठलं लावता यावर निम्मं काम असतं. पांढऱ्या नोझलमधून पाणी पंख्यासारखं पसरून येतं. हिरवं, पिवळं करत ते अरुंद होत जातं आणि लाल नोझलमधून येते ती एकच सरळ धार. ती धार पायावर पडली तर बूट फाडते.

हे सगळं मला दुकान नवं होतं तेव्हाही पाठ होतं. रोज चार लोकांना मी ते ऐकवत होते. तरीही मी नको ते करून बसले.

माझं माहेर दांडीचं, बोईसरजवळच्या मच्छीमारांच्या गावचं. बाबांची लाकडी बोट होती, बेताचीच, चार खलाशी आणि बोट चालवणारे तांडेल बाबा. आजूबाजूचे सगळे फायबरच्या बोटींवर गेले तरी बाबा लाकूड सोडायला तयार नव्हते. "फायबर काय, प्लास्टिकची बादली ती," असं म्हणायचे. वय सत्तरीकडे चाललं होतं. आई आणि मी त्यांना बोट विकायला सांगून थकलो होतो. ते म्हणायचे, "ही बोट हाय तवर मी जानार. ही गेली की घरी." म्हणजे बोटीचं आणि त्यांचं समुद्रावर जाणं एकमेकांना बांधलेलं होतं, आणि हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. तेव्हा बोटी खाडीकाठी ओढून लाकडी ठोकळ्यांवर चढवतात, तळ खरवडतात, सांधे बघतात, तेल-रंग करतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा पाण्यात सोडतात. बोटीच्या तळाला वर्षभरात कालवं आणि शिंपल्या अशा घट्ट बसतात की कोयत्याने खरवडायला चार-पाच दिवस जातात. त्या वर्षी बाबांचा खांदा दुखत होता. मी म्हटलं, मी मशीन आणते, एका सकाळी काम उरकते. खरं सांगायचं तर खांदा हे निमित्त होतं. दुकान काढून दोन वर्षं झाली होती आणि बाबांनी त्याबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. जिथे सगळ्या बायका टोपली घेऊन मासळी विकतात तिथली मुलगी मशीन विकते, हे त्यांना नीट कळतच नव्हतं. मला त्यांना दाखवायचं होतं.

म्हणून मी छोटं मशीन नेलं नाही. टेम्पोत ते कारखान्याचं धूड घातलं, सोबत जनरेटर, आणि दांडीला गेले. खाडीकाठी ही गर्दी. शेवाळ पांढऱ्या नोझलने छान निघालं, खालचं लाकूड ओलं, तांबूस दिसायला लागलं. कालवं मात्र हलेनात. मागून कोणीतरी म्हणालं, "एवढा मोठा इंजिन आनला, त्यापेक्षा आमचा कोयता बरा!" लोक हसले. बाबाही हसले.

मला राग पटकन येतो, आणि एकदा आला की हात डोक्याचं ऐकत नाही. मी नोझल काढलं आणि लाल लावलं.

कालवं फटाफट उडाली. लोक मागे सरले, मग वाहवा करायला लागले. मी फळ्यांच्या कडेकडेने धार फिरवत गेले, एक बाजू संपवली, दुसरी घेतली. पाण्याबरोबर पांढरे धागे उडत होते, ते मी बघत होते. मला वाटलं, मळ आहे. अर्ध्या तासाने बाबा पुढे आले, वाकून चिखलातला एक धागा उचलला आणि बोटांत चोळून पाहिला.

"बंद कर," म्हणाले.

तो मळ नव्हता. लाकडी बोटीत दोन फळ्यांच्या मधल्या फटीत तेलात भिजवलेली कापसाची वात ठासून भरतात आणि वरून राळ लावतात. बोट तरंगते ती त्या वातीच्या जिवावर. माझ्या धारेने ती जवळजवळ सगळी उपटून काढली होती. खालून बघितलं तर फळ्यांच्या मधून आभाळ दिसत होतं. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते घरी जाऊन जेवले आणि झोपले.

पौर्णिमेला अकरा दिवस होते. सांधे भरणारा मिस्त्री सातपाटीच्या बोटींवर अडकला होता, पौर्णिमेनंतर बघू म्हणाला. तेवढं थांबणं शक्य नव्हतं. बाबांच्या खलाशांना दुसऱ्या एका बोटीवरून बोलावणं आलं होतंच, आणि एकदा हंगामाला ते चौघे दुसरीकडे गेले की त्या वयात बाबांना नवी माणसं मिळाली नसती. त्यांच्यातले सगळ्यात जुने खलाशी, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणते, ते ओट्यावर येऊन बसले. "तांडेल, आमी पौर्णिमेपर्यंत थांबतो," म्हणाले. "पन मिस्त्री नाय तर सांधे भरनार कोन? पोराबाळांचा प्रश्न हाय." बाबा म्हणाले, "मी भरीन." काका त्यांच्या खांद्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्कूटर काढली आणि दांडीला गेले. दुकान नवऱ्यावर सोडलं. बाबा बोटीखाली पोतं टाकून उताणे पडले होते, उजवा हात वर जातच नव्हता. मी काही न विचारता दुसरं पोतं ओढलं आणि शेजारी आडवी झाले.

ते दहा दिवस मला अजून जसेच्या तसे आठवतात. कापूस मांडीवर वळायचा, तेलात बुडवायचा, बोथट पटाशीने फटीत सारायचा आणि लाकडी हातोडीने ठोकायचा. सुरुवातीला मी जोरात ठोकायचे. बाबा म्हणायचे, "हलू. दार ठोकतेस काय?" वात बसत आली की हातोडीचा आवाज बदलतो, पोकळ होता तो भरीव होतो. तो ऐकू आला की थांबायचं. त्यापुढे एक घाव घातला तर फळीच उघडते. मला तो आवाज ओळखायला चार दिवस लागले. आई दुपारी भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण घेऊन यायची, आम्ही बोटीच्या सावलीत बसून जेवायचो. राळ तेलात शिजल्याचा वास केसांत जायचा. रात्री बोईसरला नवरा नाक मुरडायचा आणि मला बरं वाटायचं.

बाबा कामाशिवाय बोलत नसत. एकदाच, सहाव्या की सातव्या दिवशी, वरच्या फळीकडे बघत त्यांनी विचारलं, "तुज्या त्या मशीनचा जोर कमी करता येतो?"

"येतो."

"किती कमी?"

"हवा तेवढा. बटण असतं. आणि नोझल बदलता येतं."

"मग कमी का नाय केलास?"

दोन वर्षांत त्यांनी माझ्या धंद्याबद्दल पहिल्यांदाच विचारलं होतं, आणि याचं उत्तर सांगता येण्यासारखं नव्हतं. तुम्ही हसलात म्हणून, असं कसं सांगणार? मी वात वळत राहिले. वरची फळी डाव्या हाताने चाचपत ते म्हणाले, "पांढऱ्यानं शेवाळ बरा निघाला होता." मी मान वळवून डोळे पुसले.

पौर्णिमेच्या दिवशी भरतीला बोटी एकेक करून खाडीत सुटल्या. सगळ्यांनी नवे रंग दिलेले, पताका लावलेल्या. आमची सगळ्यात शेवटी. ढकलून पाण्यात घातली आणि बाबा एकटे वर चढले. चौघे खलाशी कमरेभर पाण्यात उभे राहिले, कोणी चढेना. त्यांचं चुकत नव्हतं. सांधे एका खांदा गेलेल्या म्हाताऱ्याने आणि मशीन विकणाऱ्या बाईने भरलेले.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "ये वर."

आमच्याकडे बायका मासळी विकतात, सुकवतात, जाळी विणतात. बोटीत चढत नाहीत, त्यातून अशा दिवशी तर नाहीच. काठावर आई "अवो, तिला कशाला?" असं ओरडली. बाबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी डावा हात खाली केला, मला वर ओढलं, एक डबा माझ्या हातात दिला आणि इंजिन चालू केलं. मला वाटलं, ही माझी शिक्षा. तूच फोडलीस, आता तूच उपस.

आणि पाणी यायला लागलं. पायाखाली, मग घोट्यापर्यंत. दोन्ही बाजूंच्या सांध्यांतून बारीक बारीक झिरपत होतं. मी वेड्यासारखी उपसत होते. साडी भिजली, हात भरून आले, मी रडत होते आणि उपसत होते. बाबा पाठमोरे सुकाणू धरून उभे. खाडीच्या तोंडापर्यंत नेली, वळवली, परत आणली, पुन्हा नेली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी किती वेळ उपसत होते कोण जाणे. मग डबा तळाशी घासायला लागला. मी थांबले. पाणी परत चढलं नाही.

कोरडं लाकूड पाण्यात गेलं की फुगतं आणि फळ्या एकमेकींना घट्ट आवळतात, तेव्हा कुठे वात पक्की धरते. तोवर थोडं पाणी येणारच. हे दांडीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं, आणि बाबांनी सांगितलं नाही. काठाला आलो तेव्हा फक्त म्हणाले, "उतर आता, मानसं येतायत." चौघे खलाशी मुकाट वर चढले, मी पाण्यात उतरले आणि बोट नारळ घेऊन बाकीच्यांच्या मागे गेली.

त्या गोष्टीचा राग मी बरीच वर्षं मनात ठेवला. एका शब्दाने सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? गावासमोर मला रडवायची गरज होती का? बाबा त्याच बोटीवर आणखी पाच हंगाम गेले, शेवटच्या वर्षी तर खांदाही ठीक होता. मी दरवर्षी पावसाळ्यात सांधे भरायला गेले, पण हे कधी विचारलं नाही. आम्हा दोघांनाही अशी बोलणी जमत नसत.

गेल्या वर्षी बाबा गेले. बाराव्याला काका आले होते, आता त्यांनाही नीट चालवत नाही. मंडळी पांगल्यावर ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि त्या पौर्णिमेची आठवण निघाली. मी जे इतकी वर्षं बोलले नव्हते ते त्यांच्यापाशी बोलून गेले. म्हटलं, बाबांनी मला त्या दिवशी चांगलीच शिक्षा केली.

काका माझ्याकडे वळले. "शिक्षा? बाय, आमी तर परत फिरनार होतो. दुसऱ्या बोटीवर सांगून ठेवला होता. त्यानं तुला वर घेतली तवा आमचा चढायचा ठरला. ज्या सांध्यांवर भरोसा नाय त्यावर कोन आपली पोर बसवल?"

बाबा एकदाही मागे वळले नव्हते, कारण मागे बघण्याची त्यांना गरजच वाटली नव्हती. ते सांधे मी भरले होते.