सोवळ्यातली बिअर

सोवळ्यात बिअर करणारा माणूस त्रिभुवनात एकच झाला असेल, आणि तो कुंभकोणमला माझा घरमालक होता. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला बँकेने माझी तिकडे बदली केली, तेव्हा मुलांच्या शाळेपायी बायको पुण्यालाच राहिली आणि मी या मामांच्या माडीवर एकटा येऊन पडलो. मामा तंजावरी मराठी. पूर्वज भोसल्यांच्या राजवटीत तिकडे गेले ते तिकडचेच झाले. उंबऱ्याबाहेर तमिळ, आत मराठी, आणि तीही अशी की पहिल्याच दिवशी "मजला पुण्याची भाषा ऐकावयाची फार हौस" असं ते म्हणाले, तेव्हा एखादी बखरच भाडं ठरवायला बसली आहे असं मला वाटलं. जेवणाची सोय नाही हे त्यांनी आधीच बजावलं होतं, पण रोज संध्याकाळी रसम उकळलं की जिन्याखालून हाक यायचीच.

उभी हयात त्यांनी बंगळूरला एका बिअरच्या कारखान्यात चव घेण्याच्या नोकरीत काढली होती. गल्लीत मात्र "फॅक्टरीत होते" एवढंच ठाऊक. निवृत्त होऊन गावी आल्यावर दर वर्षी मार्गळी महिन्यात, म्हणजे आपल्या मार्गशीर्षाच्या आसपास, ते एक बरणी बिअर घरी करत. हिवाळ्याची बिअर ही हिवाळ्यातच व्हायला हवी, आणि ज्या हवेत पुणेकर पंखा लावेल त्या हवेला मामा हिवाळा म्हणून कानाला मफलर गुंडाळत. काष्ठौषधींच्या दुकानातून मुतखड्याच्या रोग्यांसाठी असलेली बार्ली आणायची, ओल्या फडक्यात मोड आणून भाजायची, कडूपणासाठी कडुलिंबाचा वाळवलेला मोहोर, वर गूळ, सुंठ, पिंपळी. आणि हे सगळं पहाटे कावेरीत बुडी मारून, सोवळं नेसून. मी एकदा कौतुकाने झाकण उचललं तर मला पुन्हा आंघोळीला पिटाळलं. कारखान्यातले साहेब ज्याला स्वच्छता म्हणत त्याला आमची आजी सोवळं म्हणे, फरक इतकाच की आजी पगार घेत नसे, असं त्यांचं शास्त्र होतं.

या बरणीचा निकाल मामी देत. मामींनी जन्मात थेंब जिभेवर ठेवला नाही. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून नुसता वास घेत आणि एक वाक्य बोलत. "गूळ जळला" किंवा "यंदा मोहोर जून". कारखान्यातल्या दहा साहेबांपेक्षा मामा त्या वाक्याला भीत. फारच जमलं तर "परवाइल्लै", चालेल, एवढंच. मी कुंभकोणम सोडायच्या दोन वर्षं आधी मामी गेल्या आणि पाठोपाठ कसल्याशा तापात मामांचं नाकच गेलं. आयुष्यभर नाकावर पोट भरलेल्या माणसाला कशाचाच वास येईना. एकदा जेवताना ते अगदी सहज म्हणाले, "राव, माणूस नसलें तरी घर घर असतें. वासही नसला तर नुसती भिंत." माझीही अवस्था फारशी वेगळी नव्हती, फक्त माझ्या भिंतींना वास होता.

तेव्हापासून त्यांचं नाक मी झालो. बँकेत अर्ज तपासणाऱ्या माझ्या नाकाला सर्दीखेरीज काही ठाऊक नव्हतं, पण मामांनी ते शिकवणीला लावलं. डोळे मिटून मला तिकडची दाट दुधाची डिग्री कॉफी, विड्याची पानं, ओली माती, शेजारच्या अंगणातलं शेण हुंगायला लावत. शेणाला मी "वाईट" म्हटलं तेव्हा ते खरोखर दुखावले. गाय काल काय खाऊन आली होती ते सांगा, म्हणाले. चांगलं आणि वाईट हे शब्द जावयासाठी ठेवायचे, बिअरला आधी काय, मग काय, आणि गिळल्यावर काय, ते सांगायचं. मी चूक केली तर त्यांना कळणार नव्हतं, आणि म्हणूनच चूक करायची मला धास्ती वाटे.

एका मार्गळीत तर पंचाईतच झाली. पहाटे जवळच्या मरुदानल्लूर गावाकडची भजनमंडळी गल्लीतून जात होती आणि मामा नेमके ओट्यावर सोवळ्यात, हातात बरणी. सोवळ्यातला ब्राह्मण, बरणीत गूळसुंठेचा वास, म्हणजे हे देवाला दाखवलेलं पानकच, असं ठरवून मुख्य भागवतरांनी, म्हणजे तिकडच्या कीर्तनकारबुवांनी, ओंजळ पुढे केली. प्रसाद नाही कसा म्हणणार? मामांनी ओतलं. भागवतर प्यायले, थबकले, पुन्हा ओंजळ पुढे केली. मी घामाघूम. मामांनी मात्र अदबीने विचारलं की गिळल्यावर काय वाटलं? जरा आंबट आहे पण कंठ मोकळा झाला, असं भागवतर म्हणाले आणि पुढचं पद एक पट्टी वरून उचलून चालते झाले. मामा दिवसभर खुशीत होते. मामींनंतर पहिल्यांदा कुणी न विचारता निकाल दिला होता, म्हणजे दुसरी ओंजळ.

मग माझी बदली पुण्याला झाली. स्टेशनवर मामांनी मला सर्दी होऊ नये म्हणून आपला मफलर माझ्या गळ्यात घातला. पुढच्या हिवाळ्यात त्यांचा भाचा कामासाठी पुण्याला आला. मामांनी बरोबर दिलेली बाटली वाटेत गाडीतच फुटली होती, आणि भाचा बिचारा तिला गुंडाळलेलं, भिजून वाळलेलं मामांचं अंगवस्त्र तेवढं घेऊन माझ्या दारात उभा राहिला. संध्याकाळी ठरल्याप्रमाणे मामांचा एसटीडी बूथवरून फोन आला. बाटली फुटल्याचं मी सांगितलं. मग मी अंगवस्त्र नाकाशी धरलं आणि सांगू लागलो. आधी गूळ, जरा जास्त भाजलेला. मग सुंठ. मोहोर उशिरा येतो, पण येतो. शेवटी आगगाडीचा कोळसा, तो तुमचा नव्हे.

मामा हसले. मागून बूथवाला तमिळमध्ये काही बोलला, त्याला त्यांनी थांबायला सांगितलं. मला वाटलं, ते फोन ठेवतील.

"राव, मागें भांडें वाजतें. घरांत काय होतें आहे?"

बायको भाजणी भाजत होती. मी तसं सांगितलं.

"त्याचा वास सांगा," मामा म्हणाले. "सावकाश सांगा."

मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत फोनची वायर ताणली आणि आधी धने, मग ज्वारी, असं एकेक सांगत राहिलो. ज्वारी करपू लागली तेव्हा बायकोने आच कमी केली. तेही मी सांगितलं.