साळव्यांच्या अकरा ओळी

ही गोष्ट मी आजवर कोणाजवळ काढलेली नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. मी याद्या करणारी बाई आहे – किराण्याच्या, औषधांच्या, ऑफिसच्या कामांच्या. काम झालं की टिकमार्क. सात वर्षांपूर्वीच्या एका टिकमार्कबद्दल मला बोलायचं आहे, आणि सुरुवात कुठून करावी ते अजून ठरत नाही.

ऑफिसपासून करते. क्रांती चौकाजवळ, दुसऱ्या मजल्यावर, आम्ही पाचजण. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणून द्यायचा, हे आमचं काम. तो जुना मजकूर तसाच आजच्या कॉम्प्युटरवर उघडला की नुसती चिन्हं दिसतात. त्यासाठी मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. बटणं नाहीत, चित्रं नाहीत. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, फाइलचं नाव द्यायचं, एंटर. चालायचा बरोबर, पण फार हळू. मोठी फाइल लावली की जेवण उरकून यावं लागायचं.

साळवे आमच्याकडे प्रूफं तपासायचे. माझ्याच वयाचे, पडेगावहून सायकलवर येणारे. आधी छापखान्यात टायपिंग केलेलं, त्यामुळे जुने फॉन्ट तोंडपाठ. प्रोग्रॅमिंग स्वतःचं स्वतः शिकले होते. एकदा माझ्या खुर्चीमागं उभे राहून म्हणाले, "मॅडम, हे तुमचं मशीन ज्वारीचा एकेक दाणा उचलून पोत्यात टाकायलंय. घमेलं द्या की त्याला!"

सगळे हसले. मीही हसले – की हसल्यासारखं केलं?

त्यांचं म्हणणं खरं होतं. माझा प्रोग्रॅम डिस्कवरून एक चिन्ह वाचायचा, बदलायचा, लिहायचा, मग दुसरं. साळव्यांनी तो बदलला. एकदम मोठा तुकडा वाचायचा, सगळा मेमरीत बदलायचा, एकदम लिहायचा. पाऊण तासाची फाइल चहा गाळेपर्यंत तयार व्हायला लागली. आमच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, सगळ्यांसमोर जाहीर केलं – पुढच्या महिन्यापासून साळवे प्रूफं सोडून प्रोग्रॅमचंच काम बघतील.

आणि मला संशय यायला लागला.

इतकं जलद कसं? काहीतरी गाळत असणार. कोणाकडून तरी लिहून आणलं असणार. ते चहाला गेले की मी त्यांचा स्क्रीन बघायचे. त्यांनी दिलेल्या फाइली ओळ न् ओळ ताडून पाहायचे. चूक सापडायची नाही, आणि सापडत नाही म्हणून संशय वाढायचा. असं कधी होतं का? माझ्या हाताखाली आणखी दोघं होती. त्यांच्या कामाची अशी झडती मी कधी घेतली नाही. ती दोघं आमच्यातली होती. साळवे दर चौदा एप्रिलला ऑफिसात पेढे वाटायचे. तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नाही, असं लिहिणार होते – पण तेही खरं नाही. थोडं आलं होतं.

डायरीत मी यादी केली. 'साळवे – तपासणे.' त्यात सातवा मुद्दा त्यांनी प्रोग्रॅममध्ये घातलेल्या काही ओळींचा: 'या अकरा ओळी कशाला? कुठूनतरी उचललेल्या दिसतात. काढून बघणे.'

साळव्यांची आई दवाखान्यात होती, ते चार दिवस रजेवर होते. मी त्या ओळी काढल्या. एका छोट्या फाइलवर प्रोग्रॅम चालवला. छान चालला. मुद्दा सातपुढे टिकमार्क केला आणि सगळे वापरायचे त्या प्रतीच्या जागी माझी प्रत टाकली. कोणी काय बदललं याची नोंद ठेवायची रीत आमच्याकडे नव्हती. साळव्यांना मी सांगितलं नाही. विसरले का? नाही. ते परत आल्यावर त्यांना कळतंय का, हे मला बघायचं होतं.

ते आले, आणि लगेच एका जुन्या ग्रंथालयाचा सगळा साठा युनिकोडमध्ये करून देण्याच्या गडबडीत लागले. त्यांना कळलं नाही. आपण नीट केलेलं काम कोण पुन्हा उघडून बघतं?

तो साठा ग्रंथालयाकडून तक्रारीसह परत आला. दर काही पानांनी एखादं अक्षर फुटलेलं, त्या जागी चौकोन. जुन्या फॉन्टमध्ये एक अक्षर दोन-तीन चिन्हांचं मिळून बनतं. मोठे तुकडे पाडताना कधी काप अक्षराच्या मधोमध जातो – अर्धं या तुकड्यात, अर्धं पुढच्या. त्या अकरा ओळी एवढंच करत होत्या: ते अर्धं अक्षर धरून ठेवायचं आणि पुढच्या तुकड्याला जोडायचं. माझी चाचणीची फाइल एकाच तुकड्यात मावणारी होती. तिथं काप पडणारच नव्हता.

सरांनी दोघांना आत बोलावलं. साळवे गोंधळून गेले होते. "सर, मी ते सांभाळलं होतं. मला चांगलं याद आहे." मग माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही तर बघितलं असंल ना?"

तोवर मला सगळं कळलेलं होतं. तरी मी म्हणाले, "साळवे, शेवटचा हात तुमचाच लागला होता. आठवून बघा."

ते हळूच म्हणाले, "असंल मॅडम. आईच्या धावपळीत डोकं जाग्यावर नव्हतं माझं."

मी ते चालवून घेतलं. त्याच दुपारी जुन्या प्रतीतून अकरा ओळी परत आणल्या. चूक इतक्या लवकर शोधली म्हणून सरांनी माझं कौतुक केलं. साळवे पुन्हा प्रूफांवर गेले आणि वर्षाच्या आत ऑफिस सोडून गेले.

पुढं कित्येक दिवस मला वाटायचं, त्यांना माहीत आहे. त्यांच्या नमस्कारात मी टोमणा शोधायचे. गप्प का आहेत? कोणाला सांगितलं असेल? माझी डायरी कोणी उघडली असेल का?

गेल्या वर्षी पुतणीच्या दाखल्यासाठी पडेगावच्या रस्त्यावर एका ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानात गेले. आत साळवे. "या मॅडम, बसा, बसा!" मी बसले. शेजारी एक मास्तर होते. त्यांनी साळव्यांना विचारलं, शाळेची जुनी कागदपत्रं युनिकोडमध्ये करून द्याल का.

साळवे हसले. "नाय हो मास्तर. ते काम आपलं नाय. एकदा केलतं – माझ्या चुकीनं लोकांचं सगळं ग्रंथालय नासलं. विचारा या मॅडमना."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. साळव्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मी नीट शोधलं. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मी मान हलवली. हो, म्हणून.

अर्ज छापून आला. साळव्यांनी ओळींवरून बोट फिरवत तो दोनदा वाचला, मग माझ्यापुढं सरकवला. "एकदा तुम्हीच तपासा मॅडम. माझा भरवसा नाय."

मी तपासला. एकही चूक नव्हती. मी सही केली आणि निघाले.