चार बटणांचा मिक्सर

आमच्या ह्यांच्या घशात गाठ निघाली तेव्हा आम्ही तुंगार्लीत एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होतो. हे लोणावळ्याच्या रेल्वे यार्डात पॉइंट्समन आणि मी शाळेत शिक्षिका. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन केलं तर जिवाला धोका नाही, पण आवाजाचं काही सांगता येणार नाही. दुसरं कोणी असतं तर जीव वाचतोय म्हणून देवापुढे नारळ फोडून मोकळं झालं असतं. पण हे कान्हे गावच्या भजनी मंडळाचे बुवा होते. एरवी चार शब्द बोलायचे तर दोन गिळणारा हा माणूस गायला लागला की देवळाबाहेर चपला घालत असलेली माणसंही परत आत येऊन बसायची.

ऑपरेशनच्या आधी तो आवाज घरात ठेवून घ्यायचा, असं मी ठरवलं. ह्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर हे "बघू" म्हणाले असते, आणि ह्यांचं "बघू" म्हणजे काय ते लग्नानंतर मला लवकरच कळलं होतं.

माझा धाकटा भाऊ पुण्यात एका कारखान्यात वायरमन होता आणि हौशी नाटकांना माइक लावून द्यायचा. त्याच्या मित्राकडे मोठ्या चकत्यांचा टेपरेकॉर्डर होता. तो मिळणार होता, पण त्याला माइक जोडायला भोक एकच. एकापेक्षा जास्त माइक लावायचे तर मध्ये मिक्सर हवा, असं भाऊ म्हणाला. मग एका रविवारी आम्ही तिघं पुण्याला एका दुकानात गेलो. हे गळ्याला मफलर गुंडाळून दुकानाच्या पायरीवरच बसले.

दुकानदाराने दोन मिक्सर काढून ठेवले. एकाला दोन माइक लागायचे, दुसऱ्याला चार. भावाचं मत लहानाकडे झुकत होतं: एक माइक भावजींना, दुसरा बाकीच्या सगळ्यांना, भागतंय की. पायरीवरून ह्यांनी त्याच्याही खालची बोली लावली. म्हणाले, "येकच माइक मधी ठेवा. आमी भवतीनं बसतो. देवळात न्हाई का बसत?"

मला ते पटणं शक्यच नव्हतं. देवळात मी बायकांच्या बाजूला, खांबाच्या पलीकडे बसायची. तिथून मला टाळ ऐकू यायचे, पखवाज ऐकू यायचा, आणि त्या गदारोळात कुठेतरी माझा नवरा. त्यांचा आवाज मला एकदा तरी टाळांशिवाय, सोलून ठेवल्यासारखा ऐकायचा होता. दुकानदाराने मोठ्या मिक्सरला माइक जोडून दिले आणि दोन गिऱ्हाइकांना त्यांत बोलायला लावलं. कानावर हेडफोन चढवून मी एक बटण हळूहळू फिरवलं, तसा त्यातल्या एकाचा आवाज विझत गेला. तोंड हलतंय, हातवारे चाललेत, आणि आवाज जवळजवळ नाही. असं बटण संसारात मिळालं असतं तर किती भांडणं वाचली असती, असं मी भावाला म्हटलं. मोठाच मिक्सर घेतला. किंमत ऐकून ह्यांनी नुसता मफलर सारखा केला. घसा दुखत होता हे त्या दिवशी माझ्या पथ्यावर पडलं.

मंडळ कान्ह्याहून दुपारच्या गाडीने आलं. पखवाज वाजवणारे आबा, पेटीवाला आणि टाळकरी. मी बाहेरची खोली आधीच तयार करून ठेवली होती. भावाने सांगितल्याप्रमाणे भिंतींवर, खिडक्यांवर घरातल्या आणि शेजारच्या सगळ्या गोधड्या टांगल्या. पंखा बंद, कारण त्याची घरघर टेपवर येते. वैशाखातली दुपार आणि चहूकडून गोधड्या. आबांनी आत पाऊल टाकलं, वर-खाली पाहिलं आणि विचारलं, "बाळंतीण कुटं हाय?" सगळे हसले. हे हसले नाहीत. त्यांनी तंबोरा जुळवायला घेतला होता.

भावाने माइक वाटले. ह्यांच्यासमोर एक, पखवाजाला एक, पेटीला एक, आणि टाळकऱ्यांत मिळून एक. टेपरेकॉर्डर तो सांभाळणार होता. मिक्सरपाशी मी बसले. तिथे मी दुसऱ्या कोणाला बसू दिलं नसतं. घाटात मालगाडीला मागून इंजिन लागलं की शिटी व्हायची, तेवढा वेळ सगळे थांबायचे. गाडी गेली की पुन्हा सुरुवात.

हे गायले. घशात गाठ घेऊन गायले. हेडफोनमधून तो आवाज थेट माझ्या कानात येत होता, आणि माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं मी ह्यांच्यासोबत राहिले होते, पण इतक्या जवळून हे माझ्याशी कधी बोललेही नव्हते. टाळ चढले की मी टाळांचं बटण खाली घ्यायची. पखवाज घुमला की तोही खाली. माझं सगळं लक्ष त्या एका आवाजावर होतं, बाकी कशावरही नाही.

चहा झाल्यावर भावाने टेप मागे घेऊन लावली. आवाज स्वच्छ होता, अगदी मला हवा होता तसा. पण पहिला चरण शेवटच्या शब्दाआधीच तुटला. मला वाटलं, यंत्राने खाल्ला. दुसरा चरणही तिथेच तुटला. तिसराही. भाऊ वायरी हलवून बघायला लागला. कान अगदी जवळ नेला तर टाळकऱ्यांचा तो शेवटचा शब्द लांबून, विहिरीत बोलल्यासारखा यायचा आणि जायचा.

आबांनी भावाला हाताने थांबवलं. वायरीत काही बिघाड नव्हता. आमच्या ह्यांच्या मंडळाची रीतच तशी होती. बुवाने चरण उचलायचा, वर न्यायचा आणि शेवट सोडून द्यायचा. तो मागे बसलेल्या टाळकऱ्यांनी झेलायचा. तेवढ्यात बुवाला श्वास मिळतो आणि मागच्यांना मान. मी इतकी वर्षं देवळात बसून ऐकलं, पण मला दरवेळी चरण पुराच ऐकू आला. तो कोण पुरा करतं हे कधी जाणवलंच नव्हतं. आणि आज नेमकं त्यांचंच बटण मी खाली घेतलं होतं.

मी ह्यांना म्हटलं, अहो, एकदा सगळा चरण तुम्हीच म्हणा ना, शेवटापर्यंत. ह्यांनी खरंच प्रयत्न केला. माइकसमोर सरसावून बसले, चरण वर नेला, आणि त्याच जागी थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच. मग ओशाळल्यासारखे हसले.

"त्यो शेवट माजा न्हाईच गं," हे म्हणाले. "त्यांचा हाय त्यो. मला येत न्हाई."

दुसऱ्यांदा सगळं बसवून पुन्हा गायचं तर ह्यांच्या घशात तेवढं बळ उरलं नव्हतं, आणि मंडळाला परतीची गाडी गाठायची होती. गोधड्या उतरवताना मला रडू आलं. कोणी पाहू नये म्हणून मी शेजारणीच्या गोधडीची घडी फार वेळ घालत बसले.

ऑपरेशन झालं. गाठ गेली, जीव वाचला, आवाज गेला. म्हणजे बोलता यायचं, पण नुसत्या हवेने, फुंकर घातल्यासारखं. यार्डातलं काम बदलून दिलं, तेही हे निमूट करत राहिले. मला मात्र संताप यायचा. कोणावर ते सांगता आलं नसतं. भाजीवाल्यावर निघायचा, वर्गातल्या पोरांवर निघायचा.

दिवाळीत मंडळ भेटायला आलं. टेपरेकॉर्डर तोपर्यंत भावाने मित्राकडून विकतच घेतला होता. ती तुटकी टेप लावायला मी तयार नव्हते; ह्यांनीच खुणेने लावायला सांगितलं. पहिला चरण त्या जागी येऊन थांबला आणि टाळकऱ्यांनी तो उचलला, आपसूक, चहाचे कप हातात असतानाच. दुसऱ्याला आबांनी मांडीवर ठेका धरला. मी ह्यांच्याकडे पाहिलं. टेपवर स्वतःचा आवाज चालला होता तेव्हा हे डोळे मिटून गप्प होते. पण शेवट आला की ह्यांचे ओठ हलत होते. मागच्यांबरोबर, त्या फुंकरीच्या आवाजात, हे त्यांचा शब्द म्हणत होते. हे आता टाळकऱ्यांत बसले होते, आणि चेहऱ्यावर दुःख शोधूनही मला सापडलं नाही. मला फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

त्यानंतर हे बरीच वर्षं होते. आबा आधी गेले, मग एकेक करत टाळकरी, मग हे. भावाने जाण्यापूर्वी ती टेप माझ्यासाठी कॅसेटवर उतरवून दिली.

मी दुपारी ती लावते. मला गाता येत नाही. लहानपणी शाळेच्या प्रार्थनेतही बाई मला ओठ हलवायला सांगायच्या. पण हे चरण वर नेतात आणि त्या जागी थांबतात. मग कोणीतरी म्हणायला नको?