ग्रिपवरचा फवारा

सरांच्या हाताला काहीही झालेलं नव्हतं. जे केलं ते मी, आणि सगळा पावसाळा गप्प बसलो तोही मीच.

सर म्हणजे आमच्या चाकणच्या कंपनीतले माझे जुने साहेब. निवृत्त होऊन सांगवीत राहतात. आयुष्यात चैन एकच, रविवारी सकाळी मित्रांबरोबर गोल्फ. त्यांच्या काठ्यांच्या मुठीवरचं रबर, म्हणजे ग्रिप, तडकली होती. "अरे, तू परचेसवाला. टिकाऊ आणि स्वस्त बघून दे," म्हणाले.

गोल्फ मला कळत नव्हतं, रबर कळत होतं. नमुने मागवले, गच्चीवर उन्हात टाकले, नखांनी ओरबाडले. दोऱ्याच्या विणीची ग्रिप जन्मभर टिकली असती, पण सरांच्या म्हाताऱ्या बोटांना टोचली असती. मऊ, रंगीत होती ती दोन दिवसांत सोलली. शेवटी साधी काळी, किंचित जाड निवडली. हातात भरणारी, खिशाला झेपणारी. निवड उत्तम होती, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

घोळ पुढे झाला. आमच्याकडे ग्राहकाला रबराचा पार्ट दाखवायचा असला की त्यावर सिलिकॉनचा फवारा मारतात. पार्ट काळाभोर, चकचकीत दिसतो. नव्या ग्रिप बसवून झाल्यावर मी सवयीनं तो मारला. वर आणखी एक हात.

बायको म्हणाली, "अहो, ह्या खेळायला आहेत की ऑडिटला?"

मला ते कौतुक वाटलं.

रविवारी सरांनी मला मुद्दाम बघायला बोलावलं. पहिलाच फटका. चेंडू जागेवर राहिला आणि काठी झकास कमान घेत बाभळीत जाऊन अडकली.

"वा राव!" त्यांचे एक मित्र ओरडले. "आता बॉल ठेवूच नका, नुसती काठीच फेका!"

दुसरी काठी तळ्यात गेली. सगळे हसले. सर हसले नाहीत. तळव्यांकडे बघत म्हणाले, "पकड गेली रे माझी."

बाभळीतली काठी मीच काढली. मुठीत धरली तर मासळीसारखी निसटली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सांगायला तोंड उघडलं आणि निघालं काय, तर "थोडी विश्रांती घ्या, सर."

सरांनी खेळच सोडला. डॉक्टर झाले, नसांची तपासणी झाली. मित्र मैदानावर जायचे तेव्हा सर गॅलरीत बसून, डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू दाबत राहायचे. दिवाळीच्या तोंडावर त्यांचा फोन आला. "सेट घेऊन जा. भंगारात घालवत नाही. तू तरी शीक."

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तो सेट ह्या घरात आला, तर तुम्ही बाहेर."

म्हणून सांगवीला गेलो तो साबण आणि घासणी घेऊन. सरांच्या बाथरूममध्ये बसून एकेक ग्रिप गरम पाण्यानं घासली, पुसली. सर दारात, हातात तो चेंडू. "हे काय चाललंय?"

मी काठी पुढे केली. "घट्ट धरा, सर."

त्यांनी धरली. मी दुसऱ्या टोकानं ओढली. सुटेना. जोर लावून ओढली, तसा माझाच पाय घसरला आणि मी बादलीसकट खाली बसलो. काठी सरांच्या मुठीतच होती.

"सर," मी ओल्या फरशीवरून म्हणालो, "तुमचा हात ठणठणीत आहे. चमकावी म्हणून मीच ग्रिपवर फवारा मारला होता. त्याच दिवशी कळलं होतं, पण बोललो नाही. चुकलो. माफ करा. तळ्यातल्या काठीबद्दलसुद्धा."